पॉलिश पेपरचा हिशेब

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक जाडजूड खातेवही आहे. तिच्या पहिल्या पानावर 1982 सालची नोंद आहे : ‘स्टुलाचा पाय, एक. लाकूड, खोक्याचे. वेळ, चार तास. पॉलिश पेपर, सहा ताव.’ माझी नोकरी हिशेबनीसाची असल्यामुळे छंदाचाही जमाखर्च लिहून ठेवावा, असे मला त्या वेळी अगदी स्वाभाविक वाटले होते. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणे आणि पटाशीने कोरीव काम करणे हे दोन्ही मी गेली चाळीसहून अधिक वर्षे करीत आले आहे आणि त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूची नोंद त्या वहीत आहे. मध्यंतरी आजारपणात ती वही पहिल्यापासून वाचून काढताना लक्षात आले की, माझी प्रगती वस्तूंच्या यादीवरून मुळीच समजत नाही. ती समजते पॉलिश पेपरच्या रकान्यावरून. सुरुवातीला एका पायाला सहा ताव लागत होते. दहा वर्षांनी तेवढ्याच पायाला पाव ताव लागू लागला, आणि पुढे कित्येक नोंदींत त्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. हा रकाना रिकामा कसा होत गेला, तेच येथे लिहिणार आहे.

स्टुलाचा तो पहिला पाय मी कातला असे म्हणणे खरे तर चुकीचे आहे. मी तो खरवडला होता. सरळ पटाशी आडवी धरून फिरत्या लाकडावर दाबायची, एवढेच मला ठाऊक होते. लाकूड गोल होत होते, भुगा उडत होता, त्यामुळे सर्व काही ठीक चालले आहे अशी माझी समजूत झाली. लेथ बंद केल्यावर हात फिरवला, तर पायाचा पृष्ठभाग मांजराच्या जिभेसारखा खरखरीत लागला. मग 60 नंबरचा कागद, त्याचे ओरखडे घालवायला 100, नंतर 150, नंतर 220, असा क्रम सुरू झाला. पाय गुळगुळीत झाला. पण त्यावरची सुंदर उठावदार वळी, जी मी दोन तास खपून काढली होती, ती चोखून अर्धी केलेल्या गोळीसारखी बोथट होऊन बसली. कागद चांगले-वाईट ओळखत नाही. तो उंचवट्यांना आधी खातो आणि कंगोऱ्यांना सर्वांत आधी.

दोष हत्याराचा नव्हता, माझ्या दिशेचा होता, हे समजायला मला तीन वर्षे लागली. लाकूड म्हणजे झाडूच्या हिरांची घट्ट बांधलेली जुडी असे समजावे. जुडीच्या लांबीला समांतर सुरी चालवली, तर हीर सुटे होतात. जुडीवर काटकोनात बोथट सुरी दाबली, तर ते मोडतात. परंतु जुडी तिरकी कापायची असेल, तर दोन दिशांपैकी एकच दिशा बरोबर असते. ज्या हिरावर धार पडते, त्याला खालून दुसऱ्या हिराचा आधार असला पाहिजे. आधार असेल तर तो स्वच्छ कापला जातो, नसेल तर वाकतो, उचकटतो आणि मुळापासून फाटत जातो. पेन्सिलीला सुरीने टोक काढणारे लहान मूलसुद्धा जाड भागाकडून टोकाकडे सुरी चालवते, टोकाकडून जाड भागाकडे कधीच नाही. हे ज्ञान आपल्या सर्वांच्या हातात असते. लेथपुढे उभे राहिल्यावर मात्र, फिरणाऱ्या लाकडातल्या तंतूंच्या रेषा दिसत नसल्यामुळे, आपण ते विसरतो.

लेथवर लाकूड दोन प्रकारे बांधता येते आणि दोन्हींत ही दिशा वेगळी पडते. खुर्चीचा पाय, लाटणे किंवा हत्याराची मूठ करताना लाकडाच्या रेषा लेथच्या आसाला समांतर असतात. तेथे नियम पेन्सिलीचाच आहे : मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे, म्हणजे उतारावरून खाली यायचे. वाडगा करताना मात्र फळीसारखा ठोकळा आडवा बांधतात आणि रेषा आसाला काटकोनात येतात. आता नियम बाहेरच्या अंगाला उलटतो. वाडग्याची बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे कापायची आणि आतली बाजू काठाकडून मध्याकडे. एवढे पाळूनही वाडग्याच्या प्रत्येक फेरीत हत्यारापुढून दोनदा लांब रेषा जाते आणि दोनदा तंतूंची उघडी टोके जातात. लेथ मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर टोकांचा हा प्रदेश मिनिटाला 2000 वेळा धारेखालून सरकतो, आणि वाडगा जेथे खरखरीत राहतो, तो नेमका समोरासमोरच्या या दोन पट्ट्यांतच राहतो. माझ्या जुन्या वाडग्यांवर तेलाने काळवंडलेले ते दोन डाग अजून दिसतात. त्यांतला एक वाडगा मी मुद्दाम कामाच्या टेबलावर ठेवला आहे.

नियम समजणे आणि हाताला तो पाळता येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर मला तिरक्या पटाशीने दाखवून दिले. कातकाम करणारे बहुतेक हौशी लोक या हत्याराला भितात, आणि ते भय अनाठायी नाही. तिची धार सरळ असते, पण दांड्याशी तिरकी घासलेली असते. म्हणून तिला एक लांब टोक आणि एक आखूड टाच असते. धारेचा मधला आणि टाचेकडचा भाग लाकडाला लागला, तर रिबिनीसारखी पातळ, ओलसर चकाकीची साल निघत जाते आणि खालचा पृष्ठभाग कागदाला लाजवील इतका तुळतुळीत होतो. चुकून लांब टोकाकडचा भाग लागला, की क्षणात हत्यार लाकडात घुसते आणि झर्रकन मागे धावत सगळ्या कामावर मळसूत्रासारखा खोल चर पाडते. माझ्या वहीत 1985 च्या पावसाळ्यात ओळीने अकरा नोंदींपुढे एकच शब्द आहे : ‘मळसूत्र’.

मला उमगलेली युक्ती सांगायला सोपी आहे. धारेमागे जो घासलेला उतार असतो, तो आधी फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा. त्या वेळी काहीही कापले जात नाही, हत्यार लाकडावर केवळ घसरत असते. मग मूठ हळूहळू वर उचलत जायची, म्हणजे धार खाली येते आणि एका क्षणी पहिली बारीक साल सुटते. त्या क्षणी मूठ उचलणे थांबवायचे आणि तोच कोन सांभाळून पुढे सरकायचे. म्हणजे हत्यार दाबायचे नसते. उतार लाकडावर टेकलेला असतो आणि लाकूड स्वतःच धारेवर येत असते. मनगटे जवळजवळ स्थिर असतात, हालचाल कमरेतून आणि गुडघ्यांतून येते. लांबून पाहणाऱ्याला माणूस लेथपुढे सावकाश झुलतो आहे असे वाटते. मी हे शिकण्यासाठी वर्षभर फक्त दंडगोल केले : खोक्याचे लाकूड घ्यायचे, गोल करायचे, पुन्हा पातळ करायचे, अखेर काडीएवढे उरले की शेगडीत टाकायचे. घरातल्यांना माझ्या डोक्याविषयी थोडी शंका आली होती.

कातणे हा शब्द आपण सुतासाठीही वापरतो आणि लाकडासाठीही, याचे मला पूर्वी नवल वाटे. तिरक्या पटाशीखालून अखंड निघणारी साल पाहिल्यावर ते नवल संपले. लाकूड कातणाऱ्याला आपल्याकडे कातारी म्हणतात, आणि टर्नर या परक्या शब्दापेक्षा मला तो फार अधिक जवळचा वाटतो.

हे काम किती जुने आहे याचा विचार केला, की विजेच्या लेथचा आपला अहंकार उतरतो. इजिप्तमधील तूना अल-गबल येथे पेटोसिरिस या पुरोहिताची कबर आहे, साधारण इसवी सनपूर्व 300 च्या सुमाराची. तिच्या भिंतीवरील शिल्पात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसरा हत्यार धरून ते कापतो आहे. पुढे युरोपात लवचिक काठीचा लेथ आला. काठीच्या टोकाची दोरी लाकडाभोवती एक वेढा घेऊन पायातल्या पट्टीला बांधलेली असे. पाय दाबला की लाकूड कारागिराच्या दिशेने फिरे, पाय सोडला की काठी दोरी वर ओढून घेई आणि लाकूड उलटे फिरे. म्हणजे अर्धा वेळ कापायचे आणि अर्धा वेळ हत्यार किंचित मागे घेऊन थांबायचे. अशा लेथवर पॉलिश पेपर चालवण्यात काही हशील नाही. वेगच तेवढा नसतो. पृष्ठभाग चांगला यायचा असेल, तर तो धारेनेच यावा लागे.

सर्वांत जास्त मोह मला जपानमधल्या एका कामाचा पडतो. आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लाख छोटे लाकडी पॅगोडे करण्याची आज्ञा दिली आणि 764 पासून 770 पर्यंत ते काम चालले. प्रत्येक पॅगोडा वीस-एकवीस सेंटिमीटर उंच, लेथवर कातलेला. खालचा देह वेगळा, शिखराचा दांडा वेगळा, आणि देहाच्या पोकळीत छापील धारणीमंत्राची, म्हणजे बौद्ध मंत्राची, गुंडाळी. ते दहा मंदिरांना प्रत्येकी एक लाख याप्रमाणे वाटले गेले. होर्यूजी मंदिरात त्यांतले 40,000 हून अधिक आजही टिकून आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांपैकी एक म्हणून त्या गुंडाळ्यांचे महत्त्व सगळे सांगतात. मला मात्र पॅगोड्यांच्या बुडाशी शाईने लिहिलेल्या कातकऱ्यांच्या नावांचे आणि तारखांचे महत्त्व अधिक वाटते. (येथे कातकरी म्हणजे कातकाम करणारा, जमातीच्या नावाशी गोंधळ नको.) कोणी केले आणि कधी केले, हे लिहून ठेवणारा हिशेबी मनुष्य तेव्हाही होता तर!

वेगाबद्दल एक गोष्ट लिहिली नाही, तर हा लेख बेजबाबदार ठरेल. तीस सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याचा काठ ताशी सुमारे 56 किलोमीटर वेगाने जात असतो. त्यात लपलेली चीर असेल, तर सुटणारा तुकडा त्याच वेगाने सुटतो. व्यास इंचांत घेऊन त्याला फेऱ्यांनी गुणावे आणि गुणाकार 6000 ते 9000 यांच्या दरम्यान ठेवावा, असा एक व्यवहारी आडाखा कातकाम करणाऱ्यांत रूढ आहे. मी नेहमी खालच्या आकड्याजवळ राहते. 1991 साली मी एक मोठी चूक केली. दांडगी, रुंद गोल पटाशी, जी केवळ लांबट कामाचे चौकोनी लाकूड गोल करण्यासाठी असते, ती मी वाडग्यावर चालवली. त्या पटाशीचे पाते मजबूत दिसते, पण मुठीत जाणारे तिचे शेपूट अरुंद असते. तंतूंची टोके धारेवर आदळली, हत्यार घुसले आणि शेपटापाशी काडकन तुटले. पाते माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या दारात रुतले. वाडग्यासाठी असलेली गोल पटाशी अखंड गोल सळईतून खोबण पाडून केलेली का असते, हे मला त्या दिवशी पुस्तकाशिवाय कळले. संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल तेव्हापासून मी एक मिनिटाच्या कामालासुद्धा उतरवलेली नाही.

कोरीव कामाकडे मी वळले, त्याचे कारण अगदी घरगुती होते. मुलगी तान्ही होती आणि लेथ आवाज करतो. रात्री दहानंतर जे हत्यार चालवता येईल आणि ज्याने कोणी उठणार नाही, असे हत्यार मला हवे होते. कोरण्याच्या पटाश्यांची एक जुनी पेटी हाती लागली आणि तिच्या दांड्यांवर कोरलेल्या आकड्यांनी माझ्यातल्या हिशेबनीसाला लगेच जिंकले. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या जुन्या पद्धतीत 1 म्हणजे सपाट, 2 म्हणजे तिरकी, 3 म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी वक्र आणि तसे वाढत वाढत 9 म्हणजे अर्धवर्तुळ. 11 ही खोल नाळेसारखी आणि 39 ही इंग्रजी V सारख्या कोनाची. रुंदी निराळी सांगायची. ज्याला पाच नंबरची बारा मिलिमीटर म्हटल्यावर हाताला वळण आठवते, त्याला नकाशा वाचता येऊ लागला असे समजावे.

पहिल्या पानाच्या, म्हणजे झाडाच्या पानाच्या, कोरीव कामात मला लेथवरचा नियम पुन्हा भेटला, आणि या वेळी तो लपून राहू शकत नव्हता, कारण लाकूड स्थिर होते. पान एका बाजूने वळते, मग उलटे वळते. त्याच्या कडेने पटाशी चालवताना अर्ध्या वाटेत साल स्वच्छ निघते आणि अचानक कोठेतरी लाकूड उचकटू लागते. तेथे थांबायचे, पटाशी फिरवून पलीकडच्या टोकाकडून यायचे, आणि दोन्ही बाजूंचे काप जेथे मिळतात तेथे अत्यंत हलक्या हाताने, धार किंचित तिरकी सरकवत, सांधा मिटवायचा. एका पानाच्या कडेला अशी दिशा चार-पाच वेळा बदलते. लेथवर मी जे तीन वर्षांत शिकले, ते ज्याने आधी कोरीव काम केले आहे त्याला तीन आठवड्यांत कळेल, अशी माझी खात्री झाली आहे; नवशिक्यांना मी आता आधी पटाशी देते आणि लेथचे बटण पुष्कळ नंतर दाखवते.

कोरीव कामात पॉलिश पेपर अधिकच घातक ठरतो. एक तर त्याने कंगोरे मरतात आणि पटाशीच्या कापांवर खेळणारा प्रकाश मावळतो. पान साबणाचे केल्यासारखे दिसू लागते. दुसरे म्हणजे कागदाचे कण लाकडात अडकून राहतात, आणि नंतर त्यावर पटाशी चालवली की धार खलास होते. तरीही या माझ्या मताला मोठा अपवाद आहे, आणि तो सांगितला पाहिजे. ग्रिनलिंग गिबन्स हा 1648 साली रॉटरडॅममध्ये जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेला कोरीव कामाचा अद्वितीय कारागीर. लिंडेन नावाच्या झाडाच्या मऊ, एकसारख्या लाकडात (इंग्रजीत त्यालाही लाइम म्हणतात, पण आपल्या लिंबाशी त्याचे काही नाते नाही) त्याने कोरलेली फुले-फळे पाहून ती सुकतील की काय असे वाटते. 1986 साली हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला आग लागली आणि त्याच्या कामाचा एक भाग जळाला. तो नव्याने कोरण्याचे काम अमेरिकन कारागीर डेव्हिड एस्टरली यांच्याकडे आले. जुन्या कामाचे जवळून निरीक्षण करताना त्यांना पृष्ठभागावर घासल्याच्या बारीक खुणा दिसल्या, आणि ज्या वनस्पतीच्या दांड्यात नैसर्गिक सिलिका (वाळूतले कठीण द्रव्य) असते, अशा इक्विसेटमने ते घासले असावे, या निष्कर्षाला ते आले. म्हणजे खुद्द गिबन्सनेही घासले! मी हे वाचले तेव्हा दोन दिवस खट्टू होते. मग लक्षात आले की, त्याने आधी धारेने करायचे ते सगळे करून घेतले होते; माझ्यासारखे अज्ञान झाकायला घासले नव्हते.

हे सगळे अर्थातच धारेवर उभे आहे, आणि धारेविषयी बोलायला बसले तर मी थांबणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. कोरण्याच्या माझ्या पटाश्या साध्या कार्बन पोलादाच्या आहेत. सहाणेच्या चाकावर घाई केली आणि धार निळी पडली, म्हणजे तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि तिचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले. तेवढा निळा भाग घासून टाकण्यावाचून उपाय नाही. एका उत्तम पटाशीची लांबी मी माझ्या उतावळेपणाने अशीच दीड सेंटिमीटरने कमी केली आहे. लेथची हत्यारे हायस्पीड स्टीलची असतात. ती 600 अंशांच्या जवळपासही कडकपणा टिकवून धरतात, म्हणून चाकावर निळी पडली तरी घाबरायचे कारण नाही. कोरताना मी दर पंधरा-वीस मिनिटांनी पटाशी चामड्यावर ओढते, धार गेली म्हणून नव्हे, तर जाऊ नये म्हणून. धार बरोबर लागली आहे की नाही, हे लाकडाच्या आडव्या टोकावर काप घेऊन पाहावे. काप काचेसारखा चमकला तर ठीक; त्यात एक जरी पांढुरकी रेघ दिसली, तरी धारेत तेवढाच बारीक खड्डा आहे.

लाकूड वाळवण्याची गोष्ट मात्र थोडक्यात उरकणार नाही, कारण वहीचे अर्धे भाग त्यानेच भरले आहेत. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी निघून जाते तेव्हा लाकूड फक्त हलके होते, आकसत नाही. ओलावा साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरला, की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि मग आकसणे सुरू होते. तेही सर्व दिशांना सारखे नसते. वार्षिक वलयांच्या कडेने ते जितके आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते, आणि लांबीत तर नगण्यच. या एका विषमतेमुळे अखंड ओंडका वाळताना गाभ्यापर्यंत तडकतो, आणि ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळून लंबगोल होतो. पंधराव्या-सोळाव्या शतकातील जर्मन कारागीर टिलमान रीमेनश्नायडर आणि त्याचे समकालीन लिंडेनच्या ओंडक्यातून संतांच्या मूर्ती कोरीत, तेव्हा मूर्तीची पाठ आतून कोरून पोकळ करीत आणि गाभा काढून टाकीत. समोरून दिसणाऱ्या शांत चेहऱ्यामागे अशी पन्हळीसारखी पोकळी असते, आणि त्या पोकळीमुळेच तो चेहरा पाचशे वर्षे न तडकता राहिला आहे.

मी वाडगे दोनदा कातते. ओल्या लाकडातून पहिल्यांदा जाडसर वाडगा करायचा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी. म्हणजे तीस सेंटिमीटरचा असेल तर तीन सेंटिमीटर. तंतूंची टोके जेथे उघडी पडतात, तेथे मेण फासायचे, कारण पाणी टोकांतूनच सर्वांत लवकर पळते आणि तेथेच चिरा पडतात. मग त्यावर तारीख आणि वजन लिहून फडताळात ठेवायचे. दर आठवड्याला वजन करायचे आणि ते उतरायचे थांबले, की वाडगा पुन्हा लेथवर चढवून त्याचा लंबगोल घालवायचा. एका चिंचेच्या वाडग्याची नोंद अशी आहे : पहिल्या दिवशी 1840 ग्रॅम, सात महिन्यांनी 1210 ग्रॅम, व्यास एका बाजूने 28.4 सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूने 27.2. सहाशे तीस ग्रॅम पाणी माझ्या फडताळातून हवेत गेले आणि मला त्याचा पत्ता वजनकाट्यामुळेच लागला. घाई करून मी वाडगे उन्हात ठेवून पाहिले, कागदी पिशवीत भुग्यात पुरून पाहिले. पिशवी चांगली, ऊन अतिशय वाईट. उन्हात ठेवलेल्या नऊ वाडग्यांपैकी आठांपुढे माझ्याच अक्षरात ‘तडा’ लिहिलेले आहे.

लाकूड निवडताना माझे काही पूर्वग्रह आहेत. साग सर्वांना प्रिय. तो फारसा आकसत-फुगत नाही, हे खरेच. पण त्यात सिलिका असते आणि ती धार अक्षरशः खाते. सागावर तिरकी पटाशी चालवायची म्हणजे दर दहा मिनिटांनी सहाणेकडे जायचे. शिसव कातायला देखणे, कोरायला कडक, आणि त्याची धूळ मला सहन होत नाही. आंब्याचे लाकूड लोक हलके समजतात, पण बुरशीने काळ्या रेघा उमटलेला आंब्याचा ठोकळा मिळाला, तर मी शिसव सोडून तो घेईन.

धुळीचा उल्लेख आलाच आहे. माझ्या पॉलिश पेपरच्या रकान्याला नुसत्या सौंदर्यदृष्टीचे श्रेय देणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1990 च्या दशकात मला शिसवाच्या धुळीने डोळे सुजणे, अंगावर चट्टे उठणे आणि रात्री खोकल्याची ढास लागणे असा त्रास सुरू झाला. पटाशीने निघणाऱ्या साली आणि ढलप्या जड असतात, त्या जमिनीवर पडतात. कागदाने उडणारी धूळ मात्र तासन्‌तास हवेत तरंगत राहते आणि फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग करणारी म्हणून पहिल्या गटात नोंदवली. मी त्यानंतर मुखवटा घेतला, धूळ ओढणारा पंखा बसवला, आणि ज्या पृष्ठभागाला कागद लागणार असे वाटेल, त्यावर आणखी एक काप घेऊन पाहण्याची सवय लावून घेतली. बऱ्याचदा तो एक काप पुरतो.

शेवटचा हात म्हणून मी जवसाचे तेल किंवा लाखेचे पॉलिश देते, दोन्हींची चर्चा करण्यासारखे माझ्याजवळ विशेष काही नाही. फक्त एक गोष्ट : तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. चिंधीच्या घडीत ती कोंडली, तर चिंधी आपोआप पेट घेते. माझ्याकडे टोपलीतून धूर येऊ लागला तेव्हा मी सुदैवाने खोलीतच होते. आता चिंध्या पसरून दोरीवर वाळत घालते.

गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला सूज असते, त्यामुळे मोठे वाडगे मी बंद केले आहेत आणि पटाशीवर ठोकायची मोगरी डाव्या हाताने मारायला शिकले आहे. डावा हात नवशिक्या आहे. तो त्याच चुका करतो, ज्या मी 1982 मध्ये केल्या होत्या. गंमत अशी की, पॉलिश पेपरच्या रकान्यात पुन्हा आकडे दिसू लागले आहेत. मागच्या महिन्यात कोरलेल्या एका लहानशा पानाला अर्धा ताव लागला, आणि मी तो निमूटपणे लिहिला.

फडताळात सध्या आंब्याचे तीन वाडगे वाळत आहेत. तिसऱ्याच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेले आहे : 640 ग्रॅम. आज सकाळी तो 611 भरला. मागच्या आठवड्यातही 614 होता, म्हणजे आणखी महिनाभर तरी त्याला हात लावायचा नाही.